सेलफिश ओएस रोजच्या वापरात: सिस्टीम भारी, पण बाकीचे तिला ओळखतच नाहीत

तर मंडळी, सेलफिश ओएस, म्हणजे योल्ला कंपनीची अँड्रॉइड-आयफोनला पर्याय असलेली लिनक्सवरची फोन सिस्टीम, मी गेले बरेच महिने माझा रोजचा आणि एकमेव फोन म्हणून वापरतोय. दुसऱ्या खिशात अँड्रॉइड ठेवून केलेली हौस नाही ही. हार्डवेअर सोनी एक्स्पिरिया 10 थ्री, त्याचा बूटलोडर (फोन सुरू होताना कुठली सिस्टीम चालू द्यायची ते ठरवणारा प्रोग्राम) अनलॉक करून कॉम्प्युटरवरून सेलफिश फ्लॅश केलेलं, म्हणजे मूळ सिस्टीमच्या जागी टाकलेलं, आणि लायसन्स पैसे भरून घेतलेलं कारण अँड्रॉइड अ‍ॅप चालवायची सोय फुकटच्या आवृत्तीत येत नाही. मला ही सिस्टीम मनापासून आवडते आणि म्हणूनच ती अँड्रॉइड-आयफोनसमोर का टिकत नाही यावर सविस्तर लिहावंसं वाटलं.

आधी चांगलं, कारण ते खरंच खूप चांगलं आहे. स्क्रीनच्या डाव्या किंवा उजव्या कडेवरून अंगठा आत सरकवला की चालू अ‍ॅप लहान होऊन होमवर जाऊन बसतं, आणि अर्ध्यात थांबून अंगठा परत मागे नेला तर मागचं नुसतं डोकावून बघून तुम्ही जिथे होतात तिथेच परत. होमवर सगळी उघडी अ‍ॅप छोट्या चौकोनांत दिसतात आणि ते चौकोन जिवंत असतात, म्हणजे गाणं थांबवायला प्लेअर उघडायला लागत नाही, चौकोनावरूनच थांबतं. मेनूचं तर मला फार कौतुक वाटतं. पान खाली ओढलं की वरून मेनू उतरतो, बोट न उचलता ओढत राहायचं, एकेक पर्याय उजळत जातो, प्रत्येकावर बोटाला हलकी टिचकी जाणवते, हवा तिथे बोट सोडलं की काम झालं. मोठ्या स्क्रीनवर वरच्या कोपऱ्यातलं बटण गाठायला हात ताणायची भानगडच नाही, आणि सवय झाली की न बघता होतं. कडेवरून सरकवायची ही कल्पना नोकियाच्या एन 9 फोनमध्ये 2011 साली होती, नोकियातून बाहेर पडलेल्या लोकांनी योल्ला कंपनी काढून 2013 च्या शेवटी सेलफिशवर चालणारा पहिला योल्ला फोन आणला. आयफोनचं होम बटण गेलं 2017 ला आणि अँड्रॉइडमध्ये कडेचे जेश्चर आले 2019 ला. म्हणजे कल्पनेत हे लोक मागे नव्हते, चांगले काही वर्षं पुढे होते!

आणि आत खरंखुरं लिनक्स आहे. टर्मिनल उघडून कमांड द्या, रूट म्हणजे सिस्टीमचे पूर्ण अधिकार घ्या, लिनक्सची आरपीएम पॅकेज टाका, बॅकअपसाठी आरसिंक हा फाइल कॉपी करायचा प्रोग्राम चालवा, कुणी अडवत नाही. तुमचं काय चाललंय हे कुठल्या जाहिरात कंपनीला कळवायचा धंदाही नाही.

मग अडतं कुठे? माझ्या बँकेच्या अ‍ॅपपासून सुरू करतो, बँकेचं नाव राहू दे. अ‍ॅप सेलफिशमधल्या अँड्रॉइडच्या कप्प्यात व्यवस्थित इन्स्टॉल होतं, उघडतं, लोगो येतो, गोल फिरतं, आणि मग पांढऱ्या स्क्रीनवर एक ओळ येते की सुरक्षेच्या कारणास्तव हे अ‍ॅप या डिव्हाइसवर चालणार नाही. खाली एकच बटण, बंद करा. मी पासवर्ड टाकायच्याही आधी. कारण असं की बरीच अशी अ‍ॅप गूगलच्या प्ले इंटेग्रिटी नावाच्या सेवेला विचारतात की हा फोन गूगलने प्रमाणित केलेला आहे का, बूटलोडर लॉक आहे का, आणि सेलफिशचं उत्तर दोन्हीला नाही असंच येणार कारण ते टाकायलाच बूटलोडर उघडावा लागतो. कित्येक वर्षं सिक्युरिटी अपडेट न मिळालेला जुना अँड्रॉइड साध्या पातळीची ही चाचणी पास होतो आणि माझा अपडेट असलेला फोन नापास, याचा मला खरंच राग येतो. ही सुरक्षा नाहीये हो, हे ओळखपत्र आहे, आणि ते द्यायचा अधिकार स्पर्धकाच्याच हातात. सध्या मी बँकेची कामं ब्राउझरमधून करतो, पण हळूहळू काही गोष्टी फक्त अ‍ॅपमध्येच ठेवायला लागलेत लोक.

नोटिफिकेशनचंही मूळ तेच. अँड्रॉइड अ‍ॅप सहसा गूगलच्या पुश सेवेवर (नवा मेसेज आला की लगेच फोनला कळवणारी सेवा) अवलंबून असतात, ती सेवा इथे मुळात नाही, त्यामुळे अ‍ॅप उघडल्यावर सगळे मेसेज एकदम धडाधड येतात. सिग्नलसारखं मेसेजिंगचं अ‍ॅप स्वतःचं कनेक्शन धरून ठेवतं म्हणून ते वेळेवर वाजतं. मायक्रोजी, म्हणजे गूगलच्या सेवांची मुक्त पर्यायी आवृत्ती, टाकून बऱ्यापैकी मार्ग निघतो पण ते सगळ्यांच्या हातचं काम नाही, आणि घरच्यांना तर मी हे सांगूच शकत नाही.

आता नेटिव्ह, म्हणजे खास सेलफिशसाठी बनवलेली अ‍ॅप. योल्लाच्या स्टोअरमध्ये अ‍ॅप विकायची सोयच नाही, जे आहे ते फुकट. वापरणाऱ्याला बरं वाटतं, पण डेव्हलपरने पोट कशावर भरायचं? टेलिग्रामसाठी फर्नश्रायबर आहे, सिग्नलसाठी व्हिस्परफिश, नकाशाला प्युअर मॅप्स, आणि ओपनरेपोज या लोकांनीच चालवलेल्या साठ्यावर अजून पुष्कळ, बहुतेक सगळी लोकांनी नोकरी सांभाळून रात्री बसून केलेली. यांच्याबद्दल मला अतोनात आदर आहे. पण समोरच्या सेवेने आपली यंत्रणा बदलली की त्या एका माणसाला सुट्टीत बसून मागे धावावं लागतं, आणि त्याला वेळ नसेल तर अ‍ॅप बंद. त्यात सेलफिशच्या आतलं क्यूटी (ज्यावर तिथले प्रोग्राम बनतात तो पाया) बरीच वर्षं 5.6 वरच अडकलेलं, म्हणजे 2016 चं, कारण 5.7 पासून त्याचं लायसन्स बदललं. नवीन माणूस डेव्हलपमेंटला आला की त्याला जुनी हत्यारं मिळतात.

हार्डवेअरचं पटकन सांगतो. चिप बनवणारे ड्रायव्हर देतात ते अँड्रॉइडसाठी, म्हणून सेलफिश लिबहायब्रिस नावाचा थर मध्ये घालून तेच ड्रायव्हर चालवतं. हुशारीचं काम आहे, पण प्रत्येक मॉडेलला नव्याने खपावं लागतं, त्यामुळे सपोर्ट असलेले फोन मोजकेच. व्हीओएलटीई, म्हणजे 4जी वरून कॉल, तर आणखी अवघड, कारण मॉडेमचे ते भाग बंदिस्त असतात आणि प्रत्येक नेटवर्कचं वागणं वेगळं, आणि जिथे 2जी-3जी बंद होतंय तिथे व्हीओएलटीई नसेल तर साधा कॉलही लागत नाही.

राहिला पैसा. 2014 ला योल्लाने टॅब्लेटसाठी लोकांकडून वर्गणी जमवली, पुढच्या वर्षी कंपनी पैशात अडकली आणि टॅब्लेट थोड्याच लोकांपर्यंत पोचला. 2016 ला भारतातल्या इंटेक्सने सेलफिशवर चालणारा अ‍ॅक्वा फिश काढला, तो पुढे गेला नाही. मग 2018 ला रशियाच्या रोस्टेलेकॉम या टेलिकॉम कंपनीने योल्लात भागीदारी घेतली, ती 2022 च्या युक्रेन युद्धानंतर गळ्याशी आली आणि 2023 च्या शेवटी जुन्याच लोकांनी नव्या कंपनीतून सगळं विकत घेऊन काम चालू ठेवलं. इतकं होऊनही अपडेट येतायत हे मला फार मोठं वाटतं. पण नुसत्या पैशानेही भागत नाही, मायक्रोसॉफ्टने 2014 ला नोकियाचा फोनधंदा घेतला आणि 2015 ला 7.6 अब्ज डॉलर पाण्यात गेल्याचं दाखवलं, तरी विंडोज फोन गेलाच. तिथेही गाडी अ‍ॅपपाशीच अडली. अ‍ॅप नाहीत म्हणून माणसं येत नाहीत, माणसं नाहीत म्हणून अ‍ॅप येत नाहीत. जगातले 99 टक्क्यांहून जास्त स्मार्टफोन दोनच सिस्टीमवर असताना बँकेने तिसरीसाठी टेस्टिंग का करावं, याचं धंद्याच्या भाषेत उत्तर माझ्याकडे नाही. कायद्याच्या भाषेत मात्र असायला हवं. ब्राउझरमधून सगळी कामं करता येणं बँकेला आणि सरकारी सेवांना सक्तीचं केलं तर माझी निम्म्याहून जास्त अडचण उद्याच संपेल.

मी सेलफिश सोडत नाहीये. कुणाला टाकून बघायचं असेल तर फ्लॅश करायच्या आधी तुमची बँक, ऑफिसचं लॉगिन आणि तिकिटाची अ‍ॅप सेलफिशच्या फोरमवर शोधून घ्या, कुठलं चालतं कुठलं नाही याच्या याद्या लोकांनी केल्यात. ऑफिसचं लॉगिन अ‍ॅपवरच असेल आणि ते यादीत चालत नाही असं दिसत असेल तर दुसऱ्या जुन्या फोनवर टाकून खेळा, रोजच्या फोनला हात लावू नका.