खिशातल्या चाकूचे पाते पातळ हवे की मूठ?

नागपुरातल्या महाल भागातल्या आमच्या पुस्तकांच्या गोदामात जून महिन्यात रोज साठ-सत्तर गठ्ठे येतात आणि प्रत्येक गठ्ठा प्लास्टिकच्या पट्टीने, सुतळीने किंवा दोन्हींनी आवळलेला असतो. कित्येक वर्षे मी हे काम कटरने करत आलो. कटर स्वस्त असतो हे खरे, परंतु पट्टीवर जरा जोर पडला की त्याच्या पात्याचा तुकडा मोडतो आणि नेमका पुठ्ठ्यांच्या ढिगात हरवतो; शिवाय दुपारच्या डब्यातले सफरचंद त्याच कटरने कापावे, असे कोणालाही वाटणार नाही. म्हणून गेल्या वर्षी घडीचा चाकू घ्यायचे ठरवले. तो सडपातळ असावा, खिशात त्याचे ओझे वाटू नये आणि किंमत दोन हजारांच्या आत असावी, एवढ्याच अटी होत्या.

पहिला चाकू इतवारीतल्या एका दुकानातून घेतला. घडीचा चाकू दाखवा म्हटल्यावर दुकानदाराने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "काय कापाचं हाय जी तुमाले?" सुतळी म्हटल्यावर त्याला हायसे वाटले असावे. त्याने दाखवलेले चाकू काळे, जड आणि दिसायला भीतिदायक होते. त्यांतला त्यातल्या त्यात बारीक मी निवडला. त्याला लायनर लॉक होते. या रचनेत मुठीच्या आत एक पातळ पोलादी पट्टी असते, पाते पूर्ण उघडले की ती बाजूने सरकून पात्याच्या बुडामागे टेकते आणि पाते मिटू देत नाही. माझ्या चाकूत ती पट्टी जेमतेम केसभर टेकत होती, हे मला दुसऱ्या दिवशी कळले. पुठ्ठ्यात रुतलेले पाते मागे ओढताना ते मिटले आणि तर्जनीच्या पेरावर बसले. दोन टाके पडले. दुकानाचे नाव देत नाही, कारण चूक माझीही होती: दुकानातच चाकू उघडून पात्याची पाठ लाकडी फळीवर हलके ठोकून पाहिली असती, तर तो तिथेच मिटला असता.

दुसरा चाकू चिनी बनावटीचा, ऑनलाइन मागवलेला होता. सडपातळ म्हणावा तर हाच. पूर्ण धातूची मूठ, जाडी बोटाच्या निम्मी, खिशाच्या काठाला अडकवायची क्लिप. त्याला फ्रेम लॉक होते, म्हणजे मुठीचीच एक बाजू उभी चिरलेली असते आणि तीच आत सरकून पात्याला आधार देते. वेगळी पातळ पट्टी नसल्यामुळे ही रचना सहसा जास्त भक्कम असते, आणि माझ्या चाकूतही ती भक्कमच निघाली. सुतळी, पट्टी, चिकटपट्टी यांबाबत तक्रार नव्हती. मात्र सफरचंदावर पाते ठेवले तेव्हा खरी गोष्ट कळली. पाते अर्धे आत गेले आणि फळ कापले जाण्याऐवजी कचकन फुटले. पात्याची पाठ जवळपास तीन मिलिमीटर जाड होती आणि ती जाडी धारेच्या अगदी जवळपर्यंत तशीच उतरत आली होती. अशा पात्याला कितीही धार लावली तरी ते पाचरीसारखेच वागते.

तोवर मी मुठीची जाडी मोजत होतो आणि मोजायला हवी होती पात्याची. जाहिरातीत पोलादाचे नाव मोठ्या अक्षरांत असते. धारेमागचे पाते किती पातळ आहे, याविषयी मात्र सहसा चकार शब्द नसतो.

याच सुमारास एका मित्राने आपला व्हिक्टोरिनॉक्सचा कॅडेट आठवडाभर वापरायला दिला. ८४ मिलिमीटर लांबीच्या या स्विस चाकूला खरबरीत नक्षीची ॲल्युमिनियमची मूठ आहे. पात्याबरोबर नखांची कानस, डबा उघडणी आणि बाटली उघडणीही आहे. पाते पातळ आहे, फळ सुरेख कापते. परंतु त्याला लॉक नाही, केवळ स्प्रिंगच्या ताणावर पाते उघडे राहते, आणि टाके पडलेल्या माणसाला तेवढे पुरेसे वाटत नाही. किंमतही माझ्या अटीबाहेर जात होती. ज्यांना लॉक नको आहे, त्यांनी बेलाशक तो घ्यावा.

शेवटी मी ज्यावर थांबलो तो चाकू दिसायला सर्वांत साधा आहे: ओपिनेल, क्रमांक ६. फ्रान्समधल्या साव्हॉय प्रांतात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये हा चाकू घडवला आणि काही वर्षांतच १ ते १२ अशा क्रमांकांच्या आकारांत तो निघू लागला. बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची गोल मूठ, एक पाते, एक खिळा आणि दोन कडी, एक पक्के आणि एक फिरते, एवढाच त्याचा संसार. फिरते कडे १९५५ मध्ये आले. पाते उघडून कडे अंगठ्याने फिरवले की त्याची फट बाजूला जाते आणि पात्याचा परतीचा मार्ग बंद होतो. स्प्रिंग नाही, पट्टी नाही, केसभर टेकण्याचा प्रश्न नाही. मात्र हे कडे क्रमांक ६ पासून पुढच्याच चाकूंना असते. म्हणूनच मी ६ निवडला. कडे असलेल्यांत तोच सर्वांत लहान. त्याचे पाते सुमारे सात सेंटिमीटरांचे असून गठ्ठे, फळे, दोऱ्या यांना ते पुरते. बहुतेक लोक क्रमांक ८ घेतात. त्याचे पाते साडेआठ सेंटिमीटरांचे असते आणि घरात तो अधिक सोयीचा पडतो, पण शर्टाच्या खिशातून तो डोकावतो.

पात्यावर मुकुटाखाली आशीर्वाद देणारा हात कोरलेला आहे. त्या हाताच्या अलीकडे नख अडकवायची खाच. पाते पाठीपासून धारेपर्यंत सलग निमुळते होत जाते आणि नागपुरी संत्र्याच्या फोडीवरचा पापुद्रा आतला रस न सांडता सोलून काढते. संत्रे हाताने सोलायचे असते हे मलाही माहीत आहे. परीक्षा म्हणून केले.

हा चाकू कार्बन पोलाद आणि स्टेनलेस अशा दोन्ही प्रकारांत मिळतो. कार्बनला धार चटकन लागते, हे त्याचे मोठे सुख. पण आंबट रस लागला की पाते निळसर-काळे पडते आणि ओले राहिले तर गंजते. काळेपणा निरुपद्रवी असतो, उलट तो थर पुढच्या गंजाला थोडा आवरही घालतो, तरी लिंबू आणि मोसंबी रोज कापणाऱ्या घरात काळे पाते पाहून भुवया उंचावतात. मी स्टेनलेस घेतला. धार उतरली की चिनीमातीचा कप पालथा घालून त्याच्या बुडाच्या खरबरीत वर्तुळावर पाते आठ-दहा वेळा हलक्या हाताने फिरवतो. एवढ्याने महिना निघतो. सायकलवर चाक फिरवणाऱ्या धारवाल्याकडे असे पातळ पाते देऊ नये. ठिणग्यांबरोबर पाते तापते, कडेला निळे पडले की तिथला कडकपणा जातो आणि मग धार टिकत नाही.

लाकडी मुठीचा मुद्दा नागपुरात टाळता येत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि लाकूड सुकते. पावसाळ्यात तेच लाकूड ओलावा पिऊन फुगते आणि पात्याला खाचेत आवळून धरते. हा लाकडाचा धर्म आहे, त्याला इलाज नाही असे मात्र नाही. साव्हॉयचे लोक मुठीचा मागचा टोकाकडचा भाग टेबलावर टकटक ठोकतात, त्यासरशी पाते नखभर बाहेर येते. अर्थात त्याआधी कडे मोकळे करावे लागते. दुसरा इलाज आपल्याकडचाच आहे. मृग लागण्यापूर्वी मुठीला, विशेषतः खाचेच्या आतून, जवसाच्या तेलाचे दोन-तीन हात द्यावेत आणि मधे एकेक दिवस सुकू द्यावे. जवसाचे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते आणि लाकडाची छिद्रे बरीचशी बुजवते. विदर्भात जवस चटणीसाठी घरोघरी असतो, तेल मिळायला अडचण नाही. तेलाची चिंधी मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नये, ती आपोआप तापून पेटू शकते. मोकळी पसरून वाळवावी.

कायद्याविषयी थोडे. शस्त्रविषयक नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे; आपला चाकू त्याच्या जवळपासही जात नाही. परंतु महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली पोलीस आयुक्त ठरावीक काळासाठी चाकू बाळगण्यावरही बंदी घालू शकतात, त्यामुळे मिरवणुकांच्या आणि निवडणुकांच्या दिवसांत मी तो गोदामातच ठेवतो. विमानाने जाताना तो हातातल्या बॅगेत चालत नाही. बटण दाबताच उघडणाऱ्या चाकूच्या वाटेला तर जाऊच नये. त्याचा उपयोग काडीचा नाही आणि पाहणाऱ्याचा समज मात्र हमखास वाईट होतो.

या चाकूची एक उणीव मान्य करायला हवी. त्याला क्लिप नाही आणि मूठ गोल असल्यामुळे पँटच्या खिशात तो आडवा होऊन किल्ल्यांमध्ये लोळतो. त्यावर मी आमच्या गल्लीतल्या शिंप्याकडून उजव्या खिशात आतल्या बाजूने दोन बोटे रुंदीचा एक उभा कप्पा शिवून घेतला. त्याने तीस रुपये घेतले आणि दुसऱ्या पँटीलाही असाच लावून देऊ का, असे विचारले. मी तिन्ही पँटी दिल्या.