खुडूक कोंबडी की इनक्युबेटर?

पिल्लू दोन्हीकडे २१ दिवसांनीच निघतं. खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या कोंबडीखाली दहा-बारा अंडी ठेवली की ऊब देणं, अंडी फिरवणं सगळं तीच बघते. लाइट गेली तरी तिला फरक पडत नाही. भीती उंदीर-घुशींची. ती दाणे टिपायला उठली की अंडं गायब! म्हणून तिला पाव इंची जाळीच्या, जमिनीपासून उंच खुराड्यात बसवा. सांडलेलं खाद्य रात्री राहू देऊ नका.

इनक्युबेटरमध्ये उंदरांची चिंता कमी. पण आत पंखा असलेल्या मशीनमध्ये तापमान ३७.५ अंश सांभाळायचं, १८व्या दिवसापर्यंत अंडी फिरवायची आणि शेवटचे तीन दिवस आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर ठेवायची. नाहीतर कवचाला भोक पडतं, चोच दिसते, पण आतला पापुद्रा वाळून पिल्लाला चिकटतो आणि बिचारं तिथेच अडकतं. त्या दिवसांत झाकण उघडूच नका.

वीज बेभरवशाची असेल तर मी खुडूकच बसवेन.