जपानी, चायनीज की कोरियन? ओपी हिरो निवडण्याआधी हे वाचा

मावसभावाने परवा विचारलं, दादा मला एक ओपी (ओव्हरपॉवर्ड, म्हणजे कुणालाच न आवरणाऱ्या) हिरोची गोष्ट सांग ना, पण जपानी बघू, चायनीज वाचू की कोरियन? मी म्हटलं, आधी सांग तुला कुणाची जिरवायचीये? हसू नका, खरंच तिथूनच ठरतं. ताकदवान तर सगळेच हिरो होतात, सुरुवातीला त्याला कशाने रडवलं ते बघायचं.

जपानी इसेकाईतला (दुसऱ्या जगात जाऊन पडण्याच्या गोष्टींतला) माणूस बहुतेकदा आयुष्याला वैतागलेला. 'मुशोकू तेन्सेई'वाला 34 वर्षांचा बेकार, खोलीबाहेर न पडणारा, ट्रकखाली येऊन मरतो आणि दुसऱ्या जगात बाळ म्हणून जन्मतो. स्लाईमवाल्या गोष्टीत 37 वर्षांचा ऑफिसवाला भोसकला जातो नि पुढच्या जन्मी थेट जेलीचा गोळा! ताकद जवळपास फुकट मिळते, आणि मग हा गोळा करतो काय, तर गाव वसवतो, मित्र जमवतो, गरम पाण्याच्या कुंडात डुंबतो. बदल्याच्या गोष्टीही आहेत तिकडे, पण दमून घरी आलेल्या माणसाला हाच प्रकार बरा.

चायनीज कल्टिव्हेशनमधे (तप करून पायरी पायरीने ताकद वाढवायच्या गोष्टींत) मात्र सगळा मामला नाकाचा. 'बॅटल थ्रू द हेवन्स' (2009 पासून आलेली वेब नॉव्हेल) मधला शियाओ यान लहानपणी हुशार म्हणून गाजलेला, मग ताकद गेली, आणि ठरलेलं लग्न मोडायला मुलगी स्वतः घरी येते, तीही अख्ख्या खानदानासमोर. तो तिला जुनी म्हण ऐकवतो, तीस वर्षं नदीच्या पूर्वेला, तीस वर्षं पश्चिमेला. म्हणजे नदी पात्र बदलते आणि काठ उलटतात. इथून पुढे नुसता जिना. एकाला हाणला की त्याचा बाप येतो, बापाला हाणला की आजोबा, मग सगळा पंथच अंगावर येतो, आणि चॅप्टर सोळाशेच्या वर. मला यातलं सगळ्यात आवडतं ते म्हणजे आपल्याकडे कुणी तप केलं की देव प्रसन्न होऊन वर देतो, इथे तप करून वरच्या पायरीवर जायला लागलं की आकाशच डोक्यावर विजा पाडतं, आणि त्या झेलूनच वर जायचं असतं. वर मागायची सोयच नाही.

कोरियन प्रकारात रँक आणि पैसा. 'सोलो लेव्हलिंग'चा जिनवू सगळ्यात खालचा ई रँक हंटर (राक्षस मारणारा), आई हॉस्पिटलमधे, बिलासाठी जीव धोक्यात घालतो, आणि तिथे एकदा लागलेली रँक सहसा आयुष्यभर बदलत नाही. मग त्याला एकट्याला दिसणारी, व्हिडिओ गेमसारखी कामं देणारी सिस्टिम येते नि रोज 100 पुशअप्स, 100 सिटअप्स, 100 स्क्वॉट्स, 10 किमी पळणं, चुकलं तर शिक्षा. 'रीबॉर्न रिच' या मालिकेत (2022) तर जादूटोणा काहीच नाही, उद्योगपतीच्या घरात राबणारा माणूस मरतो आणि 1987 साली त्याच घरातला नातू म्हणून जागा होतो, पुढे 1997 ला आर्थिक संकट येणारे हे याला आधीच माहीत. हीच सुपरपॉवर.

अमेरिकन सुपरहिरो यात धरले नाहीत, तिकडे ताकद आली की जबाबदारी येते आणि ओळख लपवावी लागते, चायनीज हिरोला चारचौघात दाखवल्याशिवाय झोप येत नाही.

भावाची परीक्षा जवळ आलीये म्हणून मी त्याला 'सोलो लेव्हलिंग'चा ॲनिमे सांगितला, दोन सीझन मिळून 25 एपिसोड, संपतो तरी. रात्री दीडला मेसेज, दादा 12 पुशअप्सवर आडवा झालोय.