फिशटँकमध्ये फिल्टरची सिलिका सँड : वर्षभर वापरल्यावर

पाण्याच्या फिल्टर प्लँटमध्ये भरतात ती सिलिका सँड, १६/३० मेशची (मेश म्हणजे चाळणीचं माप), माझ्या तीन फुटी टाकीत आहे. वर्ष होत आलं. पुन्हा टाकी लावायची झाली तर हीच घेईन. दुकानातल्या रंगीत पाकिटांपेक्षा ती स्वस्त पडते हे आहेच, पण मला पटली ती दाण्यामुळे.

टाकीत कोरीडोरास आहेत. हे मासे तोंडात वाळू घेतात, खाणं वेचतात आणि उरलेली कल्ल्यांतून सोडून देतात. मोठ्या खडीत त्यांना हे जमतच नाही. तळ धारदार असेल तर मिशा झिजतात. (घाणेरड्या तळानेही झडतात, तेव्हा नुसती वाळू बदलून भागत नाही.) १६/३० म्हणजे साधारण ०.६ ते १.२ मिलिमीटरचा दाणा. पण नुसत्या मेशवर जाऊ नका. काही सिलिका सँड क्वार्ट्झ (गारगोटी, म्हणजे सिलिकाच) फोडून केलेली असते आणि तिला कंगोरे असतात. चिमूटभर ओली वाळू बोटांत चोळायची, टोचली तर परत ठेवायची.

बांधकामाची क्रश सँड इथेच बाद होते. ती आपल्याकडे बहुतेक बेसाल्ट फोडून करतात, त्यामुळे धारही असते आणि भुकटीही. समुद्राच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो, तो हळूहळू विरघळून पाण्याचा पीएच आणि जडपणा वाढवतो. मलावी सरोवरातले सिक्लिड पाळणाऱ्यांना ते चालतं, कोरीडोरास किंवा टेट्रा (छोटे रंगीत मासे) पाळणाऱ्यांना नाही.

वाळूत असा शिंपल्यांचा चुना आहे का हे कळायला तिच्यावर व्हिनेगर टाकून बुडबुडे येतात का बघा, असं सगळे सांगतात. करून बघा, पण घरातलं व्हिनेगर सौम्य असतं, चुना थोडाच असेल तर काहीच दिसत नाही. त्यापेक्षा धुतलेली वाळू बरणीत नळाच्या पाण्यात आठवडाभर ठेवावी, शेजारी नुसत्या पाण्याची बरणी ठेवावी आणि दोन्हींचा पीएच व टीडीएस (विरघळलेले क्षार) मोजावा. माझ्या बरण्यांत फरक जवळपास नव्हताच.

धुणं मात्र छळ आहे. थोडी थोडी वाळू बादलीत घेऊन तांदूळ धुवावेत तशी धुवायची, गढूळपणा जाईपर्यंत. ९० बाय ३० सेंटिमीटरच्या तळाला चार सेंटिमीटर थर धरला तर सोळा-सतरा किलो लागते, म्हणजे अर्धा दिवस गेलाच. भरताना तळाशी ताटली ठेवून तिच्यावर पाणी सोडायचं.

सफाई खडीपेक्षा सोपी वाटली. घाण खाली झिरपत नाही, वरच बसते. सायफनची नळी वाळूला न टेकवता जरा वर फिरवली की घाण निघते. वाळू ढवळताना फिल्टर बंद ठेवावा, नाहीतर दाणे इम्पेलरमध्ये (फिल्टरच्या फिरत्या पंख्यात) जाऊन घरघर सुरू होते. थर जाड केला आणि कधी हलवलाच नाही तर आत प्राणवायू पोचत नाही, काळे डाग पडतात आणि सडक्या अंड्यांचा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइड. मी मलेशियन ट्रम्पेट गोगलगायी सोडल्या, त्या वाळू खालीवर करत राहतात. खाणं जास्त पडलं की त्यांचीही पलटण होते, हे लक्षात ठेवा.

सिलिकामुळे तपकिरी शेवाळ येतं, हा आरोप मला पटत नाही. खोलीच्या तापमानाच्या पाण्यात क्वार्ट्झ जवळजवळ विरघळतच नाही, आणि तो तपकिरी थर नव्या टाकीत कुठल्याही तळावर येतो. माझ्याकडे आला, काही आठवड्यांनी गेला.

दोन तक्रारी आहेत. या वाळूत झाडांना खायला काही नाही, क्रिप्टोकोराइनच्या मुळांशी खताच्या गोळ्या खोचाव्या लागतात. आणि फिकट तळावर मासेही फिके दिसतात. झाडं दाट झाली तेव्हा टेट्रांचा रंग बराच परतला, तरी काळ्या वाळूवरची मजा नाही.

गोणी माझ्या दुकानदाराकडे पन्नास किलोचीच होती, अर्धीदेखील संपली नाही. कुणी सोबती मिळाला तर दोघांत घ्या.