यॉर्कशायर की वोलोंगाँग? व्हॅन व्ल्यूटेनची दोन जगज्जेतेपदं

नेदरलँड्सच्या अ‍ॅनेमिक व्हॅन व्ल्यूटेननं सायकलिंगच्या रोड रेसचं जगज्जेतेपद दोनदा जिंकलं आणि दोन्ही शर्यती एकमेकींच्या अगदी उलट. यातला जास्त भारी विजय कुठला?

२०१९, इंग्लंडमधलं यॉर्कशायर. लॉफ्टहाउसच्या चढावर तिनं वेग वाढवला आणि एकटी पुढे निघाली. हॅरोगेटची अंतिम रेषा तेव्हा शंभरहून जास्त किलोमीटर दूर! एवढं अंतर एकटीनं वारा कापत जायचं, पुढे आडोसा द्यायला कुणी नाही. तरीही दुसरी आलेली तिचीच सहकारी आना व्हॅन डर ब्रेगेन दोन मिनिटांहून मागे राहिली. निव्वळ ताकद.

२०२२, ऑस्ट्रेलियातलं वोलोंगाँग. शर्यतीच्या तीनच दिवस आधी स्त्री-पुरुषांच्या मिश्र रिले शर्यतीत ती पडली, कोपराचं हाड मोडलं. हँडल धरून पेडलवर उभं राहणं अशक्य. म्हणजे चढावर जोर लावायचं मुख्य हत्यारच गेलं. संघातल्या मारियाने व्होसला मदत करायची, एवढीच तिची भूमिका उरली होती. चढांवर ती मागे पडत होती, पुन्हा गाठत होती. शेवटच्या किलोमीटरमध्ये पुढच्या गटाला मागून येऊन मिळाली आणि न थांबता तशीच, बसल्या बसल्या, सुसाट निघून गेली. मागच्या जणी एकमेकींकडे बघत राहिल्या. दुसरी आलेली लोटे कोपेकी अवघ्या एका सेकंदानं मागे.

मला विचाराल तर वोलोंगाँगच. यॉर्कशायरचा निकाल बराच आधी कळून चुकला होता. इथे मात्र शेवटच्या मिनिटापर्यंत तिचं नाव कुणाच्या ओठांवर नव्हतं.