आधी खात्री, मग उत्तर: जीवशास्त्राचा एक ऑनलाइन अभ्याससंच वापरून पाहताना

जीवशास्त्राचे विद्यार्थी अभ्यास करत नाहीत असे नाही. पण बहुतेक जण तेच पान पुन्हा पुन्हा वाचतात, आकृतीतली नावे ओळखीची वाटू लागली की धडा झाला असे समजतात आणि परीक्षेत नावांविना आकृती समोर आली की अडखळतात. ही सवय मोडून स्वयंनियमन, म्हणजे आपला अभ्यास आपणच आखणे आणि तपासणे, शिकवण्याचा दावा करणारा, पेशीविभाजन, श्वसन आणि वर्गीकरण या घटकांवरचा एक ऑनलाइन अभ्याससंच मी सत्रभर वर्गात वापरला.

त्यातील चित्रफिती नेटक्या आहेत, पण तशा इतरत्रही मिळतात. संचाचे खरे बळ प्रश्नांच्या रचनेत आहे. उत्तराबाबत किती खात्री आहे हे नोंदवल्याखेरीज ते बरोबर की चूक हे कळतच नाही. मानवी पेशीत अर्धगुणसूत्री विभाजनाचा पहिला भाग संपल्यावर प्रत्येक नव्या पेशीत किती गुणसूत्रे असतात, या प्रश्नाला एका विद्यार्थिनीने ४६ हे उत्तर देऊन 'पूर्ण खात्री' निवडली. उत्तर २३ आहे. प्रत्येक गुणसूत्रात अजून दोन क्रोमॅटिड, म्हणजे एकमेकांना जोडलेले दोन धागे, असतात आणि तिने तेच मोजले होते. संचाने उत्तर न सांगता 'तू नेमके काय मोजलेस?' एवढेच विचारले. तिने वहीत आकृती काढली, हे धागे जिथे जोडलेले असतात ते गुणसूत्रबिंदू मोजले आणि स्वतःच चूक पकडली. पुढच्या प्रश्नाला तिने 'थोडी खात्री' निवडली. ते उत्तर मात्र बरोबर निघाले!

आठवड्याने तोच घटक पूर्वसूचना न देता पुन्हा विचारला जातो, हेही योग्यच. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगांत पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे सरस ठरले होते, तर आठवड्यानंतरच्या चाचणीत आठवून लिहिण्याचा सराव केलेले.

माझी तक्रार नियोजनाच्या भागाविषयी आहे. शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ बॅरी झिमरमन यांच्या मांडणीत स्वयंनियमनाचे पूर्वविचार, कृती आणि आत्मपरीक्षण असे तीन टप्पे आहेत. त्यांतला पहिला हा संच विद्यार्थ्याच्या हातून काढूनच घेतो. रोजचे उद्दिष्ट आयते येते, विसरल्यास घंटा वाजते आणि चित्रफीत शेवटपर्यंत चालली, मग समोर कोणी बसलेले असो वा नसो, की हिरवी खूण उमटते. संचातल्या दैनंदिनीतही तयार वाक्यांतून एक निवडायचे असल्याने मुले न वाचताच 'मला हा भाग समजला' यावर बोट ठेवतात.

शेवटी मी घंटा बंद करायला लावली आणि आठवड्याचे नियोजन वहीत लिहून घेतले. सुरुवातीला काम घटले. नंतर काहींचे सावरले, काहींचे नाहीच. पेशीविभाजन आणि श्वसन यांसाठी मी हा संच पुन्हा वापरेन. वर्गीकरणाच्या भागात मात्र नुसत्या जोड्या लावायच्या असून चूक का झाली हे विचारलेलेच नाही, म्हणून तो वगळेन.