गाळायचं, भरायचं की अनेकदा भरायचं? ‘आर’मधल्या गहाळ नोंदींचे पर्याय

‘आर’ या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेसोबतच येणारा ‘एअरक्वालिटी’ हा तक्ता घेऊ: न्यूयॉर्कची हवा, मे ते सप्टेंबर १९७३, १५३ दिवस. ओझोनच्या ३७ नोंदी नाहीत, सूर्यकिरणांच्या ७. दोन दिवस दोन्ही गायब, म्हणजे अर्धवट ओळी ४२ आणि धड १११. पर्याय निवडण्याआधी ही भोकं महिन्यानुसार मोजा. ओझोनची ३७ पैकी २१ भोकं एकट्या जूनमध्ये आहेत, आणि २१ ते ३० जून सलग कोरे.

ओळी गाळणं (‘एनए.ओमिट’ हे फंक्शन; ‘आर’मध्ये गहाळ नोंद म्हणजे ‘एनए’). जूनच्या ३० ओळींपैकी ९ उरतात. तरीही ओझोनवर रिग्रेशन करायचं असेल, म्हणजे इतर रकान्यांवरून ओझोनचा अंदाज बांधायचा असेल, तर बहुधा हेच पुरतं. नोंद गहाळ होणं महिना, तापमान, वारा अशा मॉडेलमध्ये घेतलेल्या गोष्टींवरच अवलंबून असेल, खुद्द ओझोनच्या आकड्यावर नसेल, तर गुणांक (प्रत्येक गोष्टीचा ओझोनवरचा परिणाम दाखवणारे आकडे) एका बाजूला झुकत नाहीत. प्रमाण त्रुटी, म्हणजे गुणांकांतली अनिश्चितता, मात्र वाढते. खाचखळगा वेगळाच आहे. रिग्रेशन करणारं ‘एलएम’ हे फंक्शन अर्धवट ओळी आपणहून गाळतं. नुसता वारा घेतला तर ११६ ओळी, त्यात सूर्यकिरण घातले की १११. या दोन मॉडेलांचे एआयसी (मॉडेलांची तुलना करायचा आकडा) शेजारी ठेवून तुलना केली तर ती फसवी. आधी एकच तक्ता गाळून घ्या, मग दोन्ही मॉडेलं त्यावर चालवा.

सरासरी भरणं. सर्वांत सोपं, आणि आमच्या मते अहवालात कधीच वापरू नये असं. ओझोनची सरासरी ४२.१. ती ३७ जागी भरली की प्रमाण विचलन (आकड्यांचा पसारा) ३३.० वरून २८.७ वर येतं. जूनच्या नोंदलेल्या ९ दिवसांची सरासरी २९.४ आहे, भरल्यावर ती ३८.३ होते. मध्यक भरला तरी विचलन आक्रसायचं थांबत नाही.

शेजारच्या दिवसांवरून भरणं. एखाददुसरा दिवस सुटला असेल तर ठीक. इथे २० जूनला ओझोन १३, आणि पुढची नोंद १ जुलैची, १३५! मधली सरळ रेघ रोज ११ ने चढते आणि २५ जूनला ६८ च्या वर पोचते. मागचाच आकडा पुढे ओढला तर दहाही दिवस १३.

माइस. हे पॅकेज प्रत्येक भोक अनेकदा, थोड्या वेगळ्या आकड्यांनी भरून अनेक पूर्ण तक्ते बनवतं. महिन्यांच्या सरासऱ्या हव्या असतील किंवा सूर्यकिरणांसारख्या स्वतंत्र चलांतच बरीच भोकं असतील, तर हा. (उंदरांशी संबंध नाही, लघुरूप तसं झालंय.) आकड्यांच्या रकान्यांसाठी, आपण काही सांगितलं नाही तर वापरली जाणारी मूळ पद्धत ‘पीएमएम’: भाकीत जवळ असलेल्या ५ खऱ्या नोंदींपैकी एक उचलते, त्यामुळे ओझोन उणे येत नाही. नुसत्या रिग्रेशनवरून आकडा काढणाऱ्या ‘नॉर्म’ पद्धतीत येऊ शकतो. मूळ सेटिंग ५ तक्त्यांचं आहे. इथे २७ टक्के ओळी अर्धवट, म्हणून ३० ठेवा. सीड (यादृच्छिक निवडीचा ठरावीक आरंभआकडा) द्या, नाहीतर उद्या आकडे बदलतील. ‘डे’ (महिन्यातली तारीख) हा रकाना भाकितातून काढा, पण ज्याचं रिग्रेशन करायचं तो रकाना काढू नका; काढलात तर संबंध फिके पडतात.

सर्रास होणारी चूक पुढची: भरलेला तक्ता देणारं ‘कम्प्लीट’ चालवून पहिलाच तक्ता उचलायचा, किंवा तिसांची सरासरी काढून एक तक्ता करायचा. दोन्हीत अनिश्चितता पुसली जाते. ‘विथ’ने प्रत्येक तक्त्यावर मॉडेल चालवा, ‘पूल’ने निकाल एकत्र करा.

भाकितासाठी मॉडेल बांधत असाल तर आधी तक्ता प्रशिक्षण आणि चाचणी असा विभागा. भरायचे आकडे फक्त प्रशिक्षणाच्या भागावरून काढा. आणि बाहेरून आलेल्या फाईलमध्ये उणे ९९९ किंवा कोरी अक्षरमाळ गहाळ नोंदीच्या जागी बसलेली असते. ही चिन्हं फाईल वाचतानाच ‘एनए.स्ट्रिंग्ज’ या पर्यायात सांगा, नाहीतर ‘इझ.एनए’ने मोजलेली भोकं शून्य दिसतील.